मान वर न करण्याचा नियम

बंदर कार्यालयाच्या अहवालात, पान एकेचाळीसवर, असे विधान आहे : "बंदराच्या खोदकामातील गाळ गेली दोन वर्षे खोल समुद्रात टाकला जात असूनही तेथील समुद्रपक्ष्यांच्या संख्येत लक्षणीय घट आढळलेली नाही. आधार : पक्षीनिरीक्षण मंडळाच्या बोटफेऱ्यांच्या नोंदी." गुरुवारी सुनावणी आहे. तिथे हे विधान टिकले, तर त्याच जागी गाळ टाकण्याची परवानगी तीस वर्षांसाठी कायम होईल.

त्या नोंदी माझ्या हस्ताक्षरात आहेत. सतरा वर्षांच्या, एकूण एक. म्हणून मी साध्या गृहीतकापासून सुरुवात केली : कार्यालय खोटे बोलत आहे. कार्यालयांविषयी असे गृहीत धरणारा माणूस सहसा तोंडघशी पडत नाही.

मी पडले. तीन संध्याकाळ मी माझे तक्ते अहवालाशी ताडून पाहिले. वादळपाखरू हा चिमणीहून थोडा मोठा, काळपट पक्षी; किनाऱ्यापासून लांब राहतो आणि लाटांवर पाय टेकत टेकत उडतो. त्याची गाळापूर्वीची सरासरी फेरीमागे तेवीस पूर्णांक चार, गाळानंतरची तेवीस पूर्णांक एक. माझीही तेवढीच. कार्यालयाने आपल्या इतिहासात प्रथमच बेरीज बरोबर केली होती, आणि माझ्या संतापाला बसायला जागा उरली नव्हती.

मग मी सरासरी बाजूला ठेवून एकेक फेरी पाहिली. पहिली पंधरा वर्षे : चार, एकसष्ट, शून्य, अडतीस, नऊ. समुद्र असाच वागतो, घरात कुणाचे न ऐकणाऱ्या माणसासारखा. शेवटची दोन वर्षे : बावीस, चोवीस, तेवीस, तेवीस, बावीस. समुद्राला ही शिस्त कोणी लावली, ते मला कळेना. गाळ टाकल्यावर पाखरे कमी व्हावीत. फार तर वाढावीत. ती वक्तशीर व्हावीत असे कोणत्याही ग्रंथात मी वाचलेले नाही.

इथे आमची पद्धत सांगणे भाग आहे. बोटीवर पुकारणारा एकच असतो : माझा मामा, ज्याने मला सातव्या वर्षी पहिली दुर्बीण दिली. बोटीचे नाक म्हणजे घड्याळातले बारा. मामा दिशा, संख्या आणि नाव पुकारतो, निरीक्षक तिकडे पाहतात, आणि मी लिहिते. लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही, हा मामाचाच नियम. वर पाहणाऱ्याची ओळ चुकते, आणि पाहिलेले नि ऐकलेले कागदावर एक होते. नियम उत्तम आहे. त्यावर मी एक शोधनिबंधही लिहिला आहे, त्याबद्दल माझे कौतुक झाले होते.

गेल्या रविवारच्या फेरीत मी मान वर केली.

"दहा वाजता! सात! वादळपाखरं, डावीकडे जातायत!" मामा ओरडला. पूर्वी तो बोटीच्या नाकावर उभा राहायचा. दोन वर्षांपासून, गुडघ्यांमुळे, सगळ्यांच्या मागे स्टुलावर बसतो. आठ दुर्बिणी डावीकडे वळल्या.

"मिळाली, मिळाली!" दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बोटीवरची सर्वांत महाग दुर्बीण त्यांची. "काय सुंदर!"

मला पाणी दिसत होते. मी त्यांची दुर्बीण मागितली. दुर्बिणीतून तेच पाणी मोठे दिसले.

"कुठे आहेत?"

"आत्ता होती हो. लाटेआड गेली."

"सातही?"

"मी तीन मोजली. पण मामा सात म्हणाले म्हणजे सात. चाळीस वर्षांची नजर आहे त्यांची."

मी चष्मा पुसला. ज्या आठ जणांना दिसते ते आंधळे आणि मला दिसत नाही म्हणून मी डोळस, हा युक्तिवाद मी विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत चालवून घेतला नसता. म्हणून सुकाणूपाशी जाऊन कप्तानाला विचारले.

"ताई, तुम्ही आणि मान वर? आज मासे उलटे पोहणार," तो म्हणाला. "पाखरं तुमचा प्रांत. मी खडक बघतो. एवढंच सांगतो, पूर्वी फेरी झाली की छतावरची पाखरांची घाण घासून घासून माझी कंबर जायची. दोन वर्षं झाली, ब्रश कुठे ठेवलाय तेही आठवत नाही."

मागे वळून पाहिले तर मामा स्टुलावर ताठ बसला होता. डोळे समुद्राकडे नव्हते. समोरच्या आठ डोक्यांवर होते. डॉक्टरीणबाईंची मान उजवीकडे कलली, मागोमाग आणखी दोघांची.

"दोन वाजता! चार!" मामा ओरडला.

आणि उरलेल्या पाचही माना उजवीकडे वळल्या.

सोमवारी मी त्याच्या खोलीवर गेले. त्याने दार उघडले, मी "मामा" म्हणेपर्यंत थांबला, मग हसला. "ये गं. किती वाळलीस!" मी गेल्या वर्षात पाच किलोंनी वाढले आहे. पाणी ओतताना त्याने पेल्याच्या काठावर बोट ठेवले. पाणी बोटाला लागल्यावर तांब्या सरळ केला. हे मी दोन वर्षे पाहत होते. म्हातारपणची काटेकोर सवय वाटायची.

मग मी जे केले त्याचा मला अभिमान नाही. पिशवीतून एक कोरा तक्ता काढला, त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "मामा, कालची नोंद. सुनावणीत द्यायचीय. एकदा नजर घाल आणि सही कर."

त्याने तक्ता नाकाशी धरला. डोळे पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत सावकाश फिरवले, मध्येच एका ठिकाणी थांबवलेही.

"वादळपाखरं तेवीस. बरोबर आहे," तो म्हणाला. "तुझं अक्षर काय, मोत्याचे दाणे! कुठे करू सही?"

"मामा, तो कोरा आहे."

त्याने तक्त्यावरून बोट फिरवले. मग चिडला. "माझी परीक्षा घेतेस? मी शिकवलं तुला!"

"हो, तूच शिकवलंस. म्हणून विचारते. समुद्रात पाखरं आहेत की नाहीत?"

"आहेत. म्हणजे असणारच. या महिन्यात, एवढ्या खोलीवर, असतातच. हे मला पाठ आहे, पोरी."

"तुला पाठ आहे ते तुझ्या जुन्या नोंदीतलं. तेच तू पुन्हा पुकारतोस, मी लिहिते, आणि बंदरवाले त्यावर शिक्का मारतात. गुरुवारी तो समुद्र तीस वर्षांसाठी जाईल, मामा. आपल्या अक्षरात."

"आणि खरं सांगितलं तर? माझी चाळीस वर्षंही जातील."

"पंधरा माझ्याकडे आहेत. चार, एकसष्ट, शून्य. ती कुणाला घडवता येणार नाहीत. त्याआधीची तुझ्या वह्यांत आहेत. त्या वाचवायच्या तर ही दोन काढून टाकावी लागतील."

खिडकीकडे तोंड करून तो बसला. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होते, आणि मला नेमके कुणाचे चुकले ते ठरवता येत नव्हते : ज्याला दिसत नव्हते त्याचे, ज्यांना नसलेले दिसले त्या आठांचे, की जिला दिसत असूनही सतरा वर्षे कागदच पाहायचा होता तिचे. मी पेन काढले. तो बोलला, मी लिहिले, त्याने बोटाने जागा चाचपून खाली सही केली. गुरुवारी सुनावणीत मी एवढेच वाचणार आहे :

"मला दोन वर्षं जवळचंही धूसर दिसतं, बोटीच्या कठड्यापलीकडचं तर दिसतच नाही. लोकांच्या माना जिकडे वळायच्या तिकडे मी जुना आकडा पुकारायचो, आणि मी पुकारलं की त्यांना पाखरं दिसायची. सुरुवातीला वाटलं, कुणीतरी म्हणेल, मामा, तिथे काही नाही. कुणी म्हणालं नाही. मग मलाच वाटायला लागलं की असतील. काही खरीच असतील. कोणती, ते मला सांगता येणार नाही. मान वर करायची नाही हा नियम माझाच, पण दर फेरीला वाटायचं, आज तरी ही पोर तो मोडेल."