नवऱ्याच्या रक्तातला मासा

डॉक्टरांनी तपासणीचा कागद फुसाएसमोर सरकवला आणि एका आकड्यावर पेन टेकवलं.

"तुमचे यजमान आधीही ठणठणीतच होते. पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, गेल्या वर्षीपेक्षा बरीच उतरलीय. वाईट कोलेस्टेरॉल आहे तिथंच आहे, चांगलं जरासं वाढलंय. बांगडा, तारली, असे तेलकट मासे बऱ्याचदा होतात वाटतं घरी?"

"होतात," तेत्सुरो म्हणाला आणि बायकोकडं न बघता जाकीट चढवू लागला.

फुसाएनं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या घरात चार वर्षं माशाचं खवलंसुद्धा आलं नव्हतं. आई दवाखान्यात शेवटचे श्वास घेत होती, तेव्हा बाबा बांगड्यांच्या मागं समुद्रावर होते. त्या दिवसापासून मासाही बंद आणि बाबांशी बोलणंही बंद.

मग हा खातो कुठं? कोण रांधून घालतं याला?

घरी आल्यावर तिनं त्या जाकिटाची बाही नाकाशी नेली. साबणाचा वास. लग्न झाल्यापासून या माणसानं स्वतःचा रुमाल धुतला नव्हता आणि आता जाकीट धुतो?

शनिवारी दुपारी तो 'गो' हा सोंगट्यांचा खेळ खेळायला क्लबात निघाला.

"जिंकता का हो कधी?"

"कधीमधी."

"खेळून भूक लागत असेल नाही?"

त्यानं बुटांच्या नाड्या पुन्हा एकदा बांधल्या.

ती मागोमाग निघाली. क्लब आला नि मागं पडला, तो वळला नाही. बंदरामागच्या गल्लीत धुराचा वास आला. तो ज्या फाटकातून आत शिरला ते तिनं ओळखलं. ते तिचं माहेर होतं.

अंगणात शेगडीवर बांगडे भाजत होते. बाबा पायरीवर, हातात वाडगा, नजर भलतीकडंच. तेत्सुरो जेवायच्या काड्यांनी काटे काढून एकेक घास त्यांच्या वाडग्यात ठेवत होता, मधूनच एखादा स्वतः खात होता. बाबांची दृष्टी गेलीय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला तिनं वाव तरी कुठं ठेवला होता?

तेत्सुरोनं तिला पाहिलं. त्याचा हात थांबला. ती आत आली, त्याच्या हातातल्या काड्या घेतल्या आणि बसून काटे काढू लागली. ती लहानपणी बाबांना भरवायची तसा, कातडीसकट घास वाडग्यात पडला.

बाबांनी तो चावला. थांबले. पुन्हा चावला.

"जावईबापू," ते म्हणाले, "तिलाही वाढा. गार होतील."