चार बोटं माया

टेलरमास्तरांचं तोंड म्हणजे उसवलेला खिसा, आत काही म्हणून टिकायचं नाही. लेकीला मोठ्या शहरातल्या नामांकित कॉलेजात पब्लिक हेल्थच्या डिग्रीला प्रवेश मिळाला, ही बातमी तिने आईला सांगायच्या आत यांनी मापं घेता घेता चार गिऱ्हाइकांना सांगून टाकली. त्यातल्या एकाची कंबर चुकली, ती गोष्ट वेगळी.

प्रवेश खरं तर दोन ठिकाणी मिळाला होता. दुसरं कॉलेज इथलंच, संध्याकाळच्या वर्गांचं, निम्म्याहून कमी फीचं. त्याचं नाव मास्तरांनी कुणाजवळ काढलंच नव्हतं. आणि कुठलं घ्यायचं ते उद्या दुपारपर्यंत कळवायचं होतं.

लेक दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर नोकरीला होती. एकाच गल्लीतली पोरं पुन्हा पुन्हा जुलाबाने येतात हे तिच्या लक्षात आलं. तिने डॉक्टरांच्या मागे लकडा लावला, आणि शेवटी त्या गल्लीची पाण्याची टाकी उघडली तर आत मेलेलं कबूतर निघालं. तेव्हापासून तिला हेच शिकायचं होतं.

"म्हणजे लोकांना आजारीच पडू द्यायचं नाही," मास्तरांनी तेव्हा विचारलं होतं. "मग तुला पैसे कोण देणार?"

"तीच तर गोची आहे, बाबा," ती हसून म्हणाली होती.

आज ती गोची तिने थेट कापायच्या टेबलावर आणली. चिंध्यांतून एक लांब पट्टी ओढली आणि कात्री घेतली. मास्तर एका काळ्या पँटीला हातशिलाई घालत होते, बायको शेजारी काजं करत होती. दोरा संपला की मास्तर काही न बोलता सुई तिच्यापुढे धरायचे, ती ओवून द्यायची.

"हा माझा डिग्रीनंतरचा पहिला पगार," लेक म्हणाली. "दोन्हीकडून पास झालेल्यांना विचारलंय. मोठ्या कॉलेजवाल्यांना बोटभर जास्त मिळतो, म्हणून पट्टीही बोटभर जास्त घेतलीय. नंतर तक्रार नको." कात्री चालू लागली. "हे खोलीचं भाडं. हे खाणं. हे बसचं. आणि हा कर्जाचा हप्ता."

पट्टी संपली.

"पुरली की!" मास्तर खूश झाले. "बरोब्बर पुरली. मग अडलंय कुठे?"

"आणि कधी कमी पडलं तर?"

"मी मेलोय का? एक मशीन विकेन! अगं, सगळ्या रस्त्याला सांगून बसलोय मी. आता काय नाक कापून घेऊ?"

"सांगायला कुणी सांगितलं होतं?" बायको मान वर न करता म्हणाली. "त्या तोंडालाही एक काज-बटण करून देते, थांबा."

मास्तर भडकले. "थट्टा सुचतेय! पोरगी नाव काढायला निघालीय आणि तुम्ही दोघी चिंध्या कापताय. कापड पुरलं ना? मग विषय संपला!"

"पुरलं," लेक म्हणाली. "पण माया कुठेय?"

मास्तरांची सुई जागच्या जागी थांबली. उद्या माणूस अंगाने सुटला तर उसवून वाढवता यावं म्हणून शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, ती माया. कमी कापड आणणाऱ्या गिऱ्हाइकाला मास्तर उभ्या उभ्या परत पाठवायचे. "बिनमायेचा कपडा माझ्या हातून शिवून होणार नाही," असं म्हणायचे. लेक हे ऐकतच लहानाची मोठी झाली होती.

नेमकी तेव्हाच मास्तरांची धाकटी बहीण दारात चपला काढत होती. तिच्या कानावर शेवटचं तेवढंच पडलं.

"कसली माया? कुठे ठेवलीय?" ती दारातूनच ओरडली. "धन्य आहे तुझी, दादा! एवढी माया जमवून बसलास आणि पोरीला कर्ज काढायला लावतोस?"

आधी बायको फुटली, मग लेक. मास्तरांनी तोंड वाकडं ठेवायची शिकस्त केली, पण त्यांनाही हसू आवरेना.

"बस गं बाई, बस," ते डोळे पुसत म्हणाले. "माझी सगळी माया लोकांच्या पँटींत आहे." मग लेकीकडे वळले. "चल, कर दुसरी पट्टी."

दुसरी पट्टी बोटभर आखूडच होती. डिग्रीनंतर नोकरीसाठी कुठेही राहायचं म्हटलं तरी भाडं तेवढंच, खाणं तेवढंच, बसचंही तेवढंच. पण नोकरी सांभाळून शिकायचं म्हटल्यावर कर्ज जेमतेमच लागणार होतं, त्यामुळे हप्त्याचा तुकडाही एवढासा निघाला. उरलेलं कापड मास्तरांनी बोटांनी मोजलं. चार बोटं भरलं.

"कळव इथलंच," ते म्हणाले. "लोकांना काय सांगायचं ते मी बघतो." मनातून तर त्यांना हायसंच वाटलं होतं, शिक्षण होईतो तरी पोरगी रोज याच दारातून घरी येणार होती. तरी बोलल्याशिवाय राहवेना. "पण चार बोटं? पँटीलासुद्धा मी एवढी सोडत नाही. इतकी माया कुणासाठी?"

"तुमच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी."

"माझे डोळे ठणठणीत आहेत!" मास्तर गरजले. त्यांनी सुई उचलली, दोऱ्याचं टोक ओलं केलं, नेम धरला. दोरा सुईच्या शेजारून गेला. पुन्हा धरला, पुन्हा गेला. आत्या काही बोलणार होती, तिला बायकोने डोळ्यांनीच दटावलं.

मास्तरांनी सुई पुढे केली. या वेळी बायकोपुढे नाही, लेकीपुढे.

"ओव," ते म्हणाले.