सुतार बोलला त्याची गोष्ट

ती व्यायामशाळा चालू होती तेव्हा तिथे इतकी माणसं कधीच आली नव्हती. बंद पडल्यावर मात्र पाय ठेवायला जागा मिळेना. भिंतीवरचे आरसे तसेच होते, दंड फुगवलेल्या पैलवानाचं चित्रही तसंच होतं, आणि त्याच्या पायाशी आता एक चकचकीत पेटी ठेवली होती. पेटीवर निळा दिवा आणि दिव्याखाली धातूची गुळगुळीत पाटी. ज्याची वाचा गेली आहे अशा माणसानं त्या पाटीवर पंजा ठेवला की पेटी त्याच्या मनातलं बोलून दाखवायची, तेही त्याच्याच आवाजात. लोक येताजाता पेटीला हात जोडत. त्यातला निम्मा नमस्कार पैलवानाला फुकटात मिळत होता.

पेटीच्या मालकाला सगळे 'सर' म्हणत. ते कशाचे सर, हे कुणी विचारलं नव्हतं.

"मेंदूतून तरंग निघतो!" सर सांगत होते. "तो नसानसांतून तळहातात उतरतो. यंत्र तो पकडतं. कृत्रिम बुद्धिमत्ता त्याचं शुद्धीकरण करते. आणि मग प्रत्यक्ष आत्मा बोलतो! फक्त एक पथ्य आहे. शंका घेतली की तरंग बिघडतात. तेव्हा मोबाइल आणि शंका, दोन्ही बाहेर बंद करून या."

लोकांनी मोबाइल चालूच ठेवले होते. शंका मात्र झाडून सगळ्यांनी बंद केल्या होत्या.

पहिल्या रांगेत एक सुतार बसला होता. शेजारी त्याची बायको, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. घरात थोरल्याला दादा आणि तिला धाकटीच म्हणत, आणि ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार विभागात कामाला होती. सुताराला, म्हणजे त्यांच्या बाबांना, पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. दुसऱ्याचं बोललेलं सगळं कळायचं, पण तोंडातून एकच शब्द यायचा, 'चला'. पाणी हवं तरी 'चला', नको तरी 'चला'. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी घरच्यांना बजावलं होतं, "शब्दाकडे नका बघू, सूर ऐका. हळू आवाजातलं चला म्हणजे हो, जोरातलं म्हणजे नाही. आणि रोज सराव. हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे आहेत, ते वाया घालवू नका."

त्यांनी चित्रांचे पत्तेही दिले होते. घर, पाणी, कुलूप, कंगवा. कंगव्याचं चित्र बघून दादा वैतागला होता.

"ज्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही त्यांना कंगवा काय म्हणायला लावता?"

बाबा मात्र त्या चित्रावर अडून बसले होते. ओठ जुळवायचे, कपाळाला आठ्या पाडायचे, घामाघूम व्हायचे. शब्द येत नव्हता, पण ते हटतही नव्हते. तेवढ्यात दादाला सर भेटले.

सरांनी बाबांच्या आवाजाचे 'नमुने' मागवून घेतले. दादानं फोनमध्ये राहिलेले, बाबांनी बोलून पाठवलेले जुने निरोप दिले. पुढच्याच खेपेला पेटी बोलली. "माझ्या प्रिय पत्नी, आजवरच्या साथीबद्दल मी तुझा मनःपूर्वक आभारी आहे. माझ्यामुळे तुला झालेल्या त्रासाबद्दल मला अतिशय खेद वाटतो. समुद्रकिनाऱ्यावरची आपली पहिली सहल मी कधीही विसरणार नाही."

आवाज हुबेहूब बाबांचा होता. आई ओक्साबोक्शी रडली. दादा रडला. मागच्या रांगेतल्या, ज्यांचा या घराशी काडीचाही संबंध नव्हता, त्या बायकाही रडल्या. बाबा "चला! चला!" करत डाव्या हातानं खुर्चीचा दांडा आपटत होते.

"पाहा, आत्मा होकार देतोय," सर म्हणाले.

मग पेटीनं आणखी एक इच्छा सांगितली. "मला आता सरावाचा त्रास देऊ नका. हे यंत्रच माझी वाणी आहे." त्या दिवशी पत्ते कपाटात गेले. बाईंना दादानं कळवून टाकलं की आता येण्याची गरज नाही. दर आठवड्याला पेटीपुढे बसायचं ठरलं. बाबांचे ओठ जुळवणं हळूहळू थांबलं. विचारलं तर ते भिंतीकडे तोंड करत.

धाकटीला ते बघवत नव्हतं. तिच्या डोक्यात 'झालेल्या त्रासाबद्दल अतिशय खेद' हे शब्द अडकून बसले होते. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं, कारण ती ते रोज लोकांना पाठवायची. कचेरीत नवीन प्रणाली आली होती. नळाला पाणी नाही अशी तक्रार टाकली की ती क्षणात गोड उत्तर लिहून द्यायची. 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्हांला अतिशय खेद वाटतो. आपल्या साथीबद्दल मनःपूर्वक आभार.' पाणी त्यानंतरही यायचं नाही. ती प्रणाली कुणाला फसवत नव्हती. लाखो लोकांचं लिहिलेलं वाचून कुठल्या शब्दामागे कुठला शब्द येतो ते ती शिकली होती, आणि दोन गोष्टी पुरवल्या की उरलेलं झकास जुळवून देत होती. पण आपले बाबा आईशी नळाच्या तक्रारीच्या उत्तरासारखं बोलतील, हे काही तिला पटेना.

तिनं आईला गाठलं.

"आई, बाबा तुला कधी प्रिय पत्नी म्हणाले होते?"

"छे ग. 'अहो ऐकलं का' मीच म्हणायची. ते नुसतं हं करायचे."

"आणि पहिली सहल समुद्रावर गेली होती?"

आई थोडी घोटाळली. "समुद्रच की. नाही, थांब. तळं होतं ते. मी नेहमी समुद्र म्हणते आणि तुझे बाबा नेहमी चिडतात. तळ्याला समुद्र म्हणू नकोस, म्हणायचे. लाकडाला प्लायवूड म्हटल्यासारखा राग यायचा त्यांना."

"मग त्यांचा आत्मा समुद्र कसा म्हणाला? ही चूक तर तुझी आहे. तू ती कुठे बोललीस?"

आईला आठवलं. बाहेरच्या खोलीत थांबलेले असताना पाणी देणारी बाई मोठ्या मायेनं चौकशी करत होती. तिथल्या बाकाजवळ प्लास्टिकच्या फुलांची कुंडी होती आणि त्या बाकावर बसूनच आईनं सगळा संसार सांगितला होता.

आई म्हणाली, "खोटं असेल ग. पण असं गोड ते जन्मात बोलले नाहीत. मला ऐकावंसं वाटलं."

धाकटीला आईचा राग आला नाही, फक्त वाईट वाटलं. "तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण बाबांचा विचार कर. त्यांच्यासमोर त्यांच्याच आवाजात कुणीतरी भलतंच बोलतंय आणि त्यांना नाही म्हणता येत नाही. ते खुर्ची आपटत होते, आई. जोरानं. उपचाराच्या बाई काय म्हणाल्या होत्या?"

आईनं तोंडाला पदर लावला.

पुढच्या खेपेला धाकटी बाहेरच्या खोलीत त्याच बाकावर बसली आणि पाणी देणाऱ्या बाईच्या कानाशी, पण चांगल्या खणखणीत आवाजात कुजबुजली, "बाबांची कानामागची पेन्सिल आहे ना, आयुष्यभर वापरलेली, ती या पिशवीत घालून आणलीय. आत गेल्यावर गंमत करणार आहे. सरांना सांगू नका हं."

"मी कशाला सांगेन!" बाई म्हणाली. तिला सांगायची गरजही नव्हती.

आत गर्दी ठासून भरली होती. बाबांचा उजवा पंजा पाटीवर ठेवला गेला, निळा दिवा लागला. धाकटी उठली आणि कापडी पिशवी पुढे केली. "सर, बाबा डाव्या हातानं आतली वस्तू चाचपतील. काय आहे ते यंत्रानं सांगावं. लोकांची श्रद्धा आणखी पक्की होईल."

दादानं कपाळावर हात मारला. सर मात्र दिलदारपणे हसले. "शंकेखोरांचंही स्वागत आहे. आत्म्याला कसली भीती?"

बाबांनी पिशवीत हात घातला. क्षणभर त्यांची बोटं फिरली आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. सरांनी खाली मान घालून 'तरंग शुद्ध' केले, म्हणजे टकटक टंकलेखन केलं. पेटी बाबांच्या आवाजात बोलू लागली.

"ही केवळ पेन्सिल नाही. ही माझ्या कष्टांची सोबतीण आहे. हिच्या प्रत्येक रेषेत माझ्या जीवनाचा प्रवास सामावला आहे. हिच्या साथीबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पैलवानसुद्धा खूश दिसत होता.

"चला!" बाबा ओरडले. "चला! चला!"

"आत्म्याचा होकार," सर म्हणाले.

"बाबा, तुम्ही सांगा," धाकटी त्यांच्यासमोर खाली बसली. "घाई नाही. आम्ही थांबतो."

बाबांनी पाटीवरचा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर घेतला. ओठ जुळवले. कपाळावर आठ्या चढल्या. "कं..."

"रुग्णाला त्रास होतोय!" सर पुढे सरसावले. "तरंग उलटे फिरतील! ताबडतोब..."

"गप्प बसा हो!" आई उभी राहिली होती. तिचा आवाज चिरकला. "इतके दिवस तुम्ही बोललात. आता ते बोलताहेत."

सगळा हॉल चिडीचूप झाला. बाबा घामानं निथळत होते. "कं... कंग..." मागे कुणीतरी खोकलं, त्याला चार जणांनी दटावलं. दादा खुर्चीच्या टोकावर आला होता आणि नकळत त्याचेही ओठ हलत होते.

"कंगवा," बाबा म्हणाले.

धाकटीनं पिशवी उलटी केली. जमिनीवर कंगवा पडला.

"तरंगांची सरमिसळ झाली," सर म्हणाले. "आत्म्याला पेन्सिलीची आठवण..."

"आत्म्याला नाही, कुंडीला," धाकटी म्हणाली. ती बाहेर गेली आणि प्लास्टिकच्या फुलांसकट कुंडी उचलून आत आली. कुंडीमागून वायर लोंबत होती. फुलांत लपवलेला माइक तिनं वर धरला. "पेन्सिल हा शब्द मी फक्त या फुलांपाशी बोलले होते. तुम्ही बाहेर बसून जे सांगता ते सर कानात ऐकतात आणि पेटीत टाकतात. पेटी त्याची गोड वाक्यं बनवते. आमच्या कचेरीतही असंच यंत्र आहे, ते बिचारं पाण्याची माफी मागतं. आवाज तुम्हीच दिलेल्या निरोपांवरून बनवलाय. हाताची पाटी नुसती देखाव्याची आहे, बघा उघडून."

दादानं पुढे होऊन पेटी उलटी केली. पाटीची वायर निळ्या दिव्यापर्यंत जात होती आणि तिथेच संपत होती. सर एकदा मागच्या दाराकडे सरकले, पण तिथे मागच्या रांगेतल्या बायका उभ्या होत्या. फुकट रडायला लावल्याचा राग त्यांना आला होता. पोलीस येईपर्यंत सरांना पैलवानाच्या पायाशी बसावं लागलं.

"मग आमच्या भावाचं काय?" गर्दीतून एकानं विचारलं. "तोही बोलत नाही. पेटी त्याच्या मनातलं सांगत होती."

"त्याच्या मनातलं त्यालाच विचारा," धाकटी म्हणाली. "वेळ लागेल. हातानं दाखवेल, मान हलवेल, एकच शब्द दहा सुरांत म्हणेल. यंत्र वाईट नाही, ते मदतही करेल. पण ज्याचे शब्द म्हणून सांगताय ते त्याचेच आहेत का, हे तपासायला एक पिशवी पुरते. तपासू देत नाही तो माणूस विज्ञान सांगत नाही, एवढं लक्षात ठेवा."

वाचाउपचाराच्या बाई दुसऱ्या दिवसापासून परत येऊ लागल्या. दादानं स्वतः जाऊन माफी मागितली, आणि त्या माफीत 'खेद' हा शब्द नव्हता.

पत्ते कपाटातून बाहेर आले. पण बाबांच्या तोंडात आता कंगवाच बसलाय. कुलूप दाखवलं तरी कंगवा, घर दाखवलं तरी कंगवा. बाई म्हणतात असं होतं, हळूहळू सुटेल. काल दुपारी ते आईकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "कंगवा."

"हो, आणते," आई म्हणाली, आणि पाणी घेऊन आली.

बाबा ते घटाघटा प्यायले. पाणीच हवं होतं.