पोटाचा काय दोष

स्वप्नाचं पोट दर महिन्याला ठरल्या तारखेला बिघडायचं. निदान सिडनीतल्या तिच्या कुकरी कॉलेजात तरी सगळ्यांची तशीच समजूत होती. खरं म्हणजे पाळी आली की तिच्या ओटीपोटात अशी कळ उठायची की उभं राहणं मुश्कील व्हायचं. शिकवणाऱ्या शेफने काय झालं विचारलं की ती म्हणायची, स्टमक अपसेट. पिंपरीला असताना आईनेच शिकवलं होतं तसं. बाईमाणसाने चारचौघांत दुसरं काय सांगायचं?

इथे नेमकी पंचाईत झाली. पोट बिघडलेल्याने अठ्ठेचाळीस तास अन्नाला हात लावायचा नाही, असा कॉलेजच्या स्वयंपाकघराचा नियम. शेफ नियमाचा पक्का. तो तिला आल्या पावली घरी धाडायचा, आणि दोन दिवसांची गैरहजेरी लागायची.

साल २००८. व्हिसा टिकवायचा तर ऐंशी टक्के हजेरी हवी, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ होतं. स्वप्नाची एक्याऐंशीवर आली होती. आणखी दोन दिवस बुडाले की संपलंच.

टूनगॅबी या उपनगरात ती विनिताताईकडे भाड्याने राहायची. विनिताताईही अशीच शिकायला आलेली. आता पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळवून चाइल्डकेअरमध्ये कामाला होती. सुटीच्या एका दुपारी स्वप्ना फरशीवर पाय पोटाशी घेऊन बसलेली तिला दिसली. चौकशी न करता तिने स्वप्नाला पेंडल हिल स्टेशनजवळ लिनबाईंकडे नेलं. या बाई चिनी औषधं द्यायच्या. स्वप्नाचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता, पण नाही म्हणायचंही त्राण नव्हतं.

लिनबाईंनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली. काय होतंय? स्टमक अपसेट, स्वप्ना सवयीने म्हणाली. जुलाब? नाही. उलटी? नाही. मग बाईंनी असे प्रश्न विचारले की स्वप्नाचे कान तापले. रक्त काळपट जातं का? गाठी पडतात? शेकलं की बरं वाटतं? तिला मान खाली घालून सगळ्याला हो म्हणावं लागलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“स्टमक इज गुड,” त्या म्हणाल्या. “व्हाय यू ब्लेम स्टमक?”

स्वप्नाला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. बाईंनी घोट्याच्या वर बारीक सुया टोचल्या, वाळक्या औषधी पाल्याची पेटती कांडी ओटीपोटाजवळ धरून शेक दिला आणि काढ्याच्या पुड्या बांधून दिल्या. काढ्याला वास दालचिनीचा, चव मात्र कारल्याने हात जोडावेत अशी.

महिनाभर तिने तो नाक दाबून प्यायला. पुढच्या पाळीला कळ थोडी कमी होती, पण होतीच. कॉलेजात कांदा चिरताना तिने ओट्याची कड घट्ट धरली. शेफने पाहिलं आणि विचारलं, पुन्हा पोट का?

स्वप्नाने सुरी खाली ठेवली. “नो, शेफ,” ती म्हणाली. “इट्स माय पीरियड.”

“नो वरीज,” शेफ म्हणाला, आणि कोपऱ्यातलं स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं. “सिट डाउन अँड पील दोज.”

बस, एवढंच. त्या दिवशी तिने बसल्या बसल्या एक पोतं बटाटे सोलले आणि हजेरी लागली.

संध्याकाळी तिने आईला फोन करून सगळं सांगितलं.

“माझं बीएचं शेवटचं वर्ष असंच राहिलं,” आई म्हणाली. “परीक्षेच्या दिवशी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. सर म्हणाले, पुढच्या वर्षी बस. पुढच्या वर्षी लग्न झालं.”

काढ्याच्या पुड्या पाठवू का, स्वप्नाने विचारलं.

“मला आता कशाला, बाळा? माझी पाळी कधीच गेली,” आई म्हणाली. “तू मात्र सांगत जा.”