चौदा तासांची खुर्ची

“बारा हजार किलोमीटर, आई! सलग चौदा तास विमानात. तुझा गुडघा तासाभरात बोंब मारेल,” असं म्हणत चिरंजीवांनी मोबाइल आईच्या नाकासमोर धरला.

आईला सगळी गल्ली शिवणकाकू म्हणायची. काकूंनी मान वर न करता शर्टाचं बटण लावलं आणि दोरा दातांनी तोडला. त्या बारा हजार किलोमीटरवर त्यांची ताई अंथरुणाला खिळली होती. काकूंची आई त्यांच्या लहानपणीच गेली, तेव्हापासून ताईनेच त्यांना वाढवलेलं. डॉक्टरांनी आता आशा सोडली होती. भेटायचं तर काकूंनीच जायचं, आणि तेही लवकर.

“जन्म मशीनवर बसून काढला मी. मला बसायला शिकवतोस?”

“मग बसून दाखव. चौदा तास बसलीस तर लगेच तिकीट काढतो.”

चिरंजीव हट्टीपणात आईवरच गेलेले. सुट्टीच्या दिवशी उजाडताच त्यांनी विमानातल्या सीटचं माप शोधून काढलं. काकूंनी टेप लावून खडूने जमिनीवर रेघा मारल्या आणि शिलाई मशीन नि कपाट यांच्या बेचक्यात लाकडी खुर्ची ठोकून बसवली. जेवणही मांडीवर, ट्रेमध्ये. “विमानात उठून फिरता येतं हो,” सूनबाई पुटपुटली, तर नवऱ्याने डोळे वटारले.

सकाळ मजेत गेली. शेजारीण डोकावून म्हणाली, “काय हो, अशा अडकून का बसलात?”

“ताईकडे निघालेय. आत्ता समुद्रावर आहे,” काकू म्हणाल्या.

दुपार कलली तसा गुडघा ठणकायला लागला. काकूंनी ओठ आवळून धरले. शेवटी जरा उठायला गेल्या, तर अशी कळ आली की मशीनला धरून मटकन खालीच बसल्या. डोळ्यांत पाणी आलं. त्यात दुखण्यापेक्षा रागच जास्त होता.

“बघ! म्हणत होतो ना?” चिरंजीव धावत आले. त्यांना काळजी वाटत होती, पण जिंकल्याचा आनंदही लपत नव्हता.

“बघितलं. दुखतं. दुखत नाही असं मी कधी म्हटलं? आता तिकीट काढ.”

“अगं, पण तू हरलीस!”

“हरले. मग? परीक्षा तुझी होती, त्यात मी नापास झाले. ताईकडे काय पास झालेल्यांनाच आत सोडतात?”

“आणि उतरल्यावर पाऊलच टाकता आलं नाही तर?”

“चाकांच्या खुर्चीत बसेन. ती नाही मिळाली तर ताईच्या पलंगापर्यंत रांगत जाईन. मला चालायला तिनेच शिकवलंय. फार तर हसेल.”

 सूनबाईने नवऱ्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला.

“आई, तारीख कोणती टाकू?”

“सगळ्यात जवळची,” काकू जमिनीवरूनच म्हणाल्या.