सदलग्याचा सांगावा

"मष्णू! ए मष्ण्या! भाईर ये की रं! थोरल्या आई गेल्या!"

पाटलाचा गडी भावकू महारवाड्याबाहेरच्या बाभळीखाली उभा राहून घसा फोडत होता. आत पाऊल टाकायचं नाही, म्हणून तिथूनच. मष्णू उंबऱ्यावर बसून पायातला काटा काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"ऐकलंस न्हवं? त्यांच्या लेकीला, रुक्माआक्कास्नी, सदलग्याला सांगावा द्याचा हाय. पाटील म्हनल्यात, आत्ताच्या आत्ता नीघ."

"न्हाय," मष्णू म्हणाला.

"न्हाय म्हंजे?"

"न्हाय म्हंजे न्हाय. कन्नडात सांगू? इल्ला!"

मरणाच्या सांगाव्याला नकार उंबरहोळात कधी कुणी ऐकला नव्हता. गावात माणूस मेलं की परगावच्या लेकीबाळींना, सोयऱ्यांना सांगावा न्यायचा तो महारानं. ऊन असो, पूर असो, अंगात ताप असो. साहेबाचं सामान डोक्यावरून वाहायचं महारानं, चावडी झाडायची, लाकडं फोडायची, मेलेलं ढोर ओढायचं, तेही महारानंच. त्याच्या बदल्यात माळावरचा वतनाचा तुकडा, ज्यात कुळीथसुद्धा धड उगवत नव्हता, आणि दारोदार हात पसरून मागायची शिळी भाकरी. याला म्हणायची वेठ. नकार द्यायची सोय नव्हती. बापानं केली म्हणून लेकानं करायची आणि लेकानं केली म्हणून नातवानं.

आणि गंमत बघा, ही सगळी जबरदस्ती एका ओढ्यापर्यंतच होती. ओढ्याच्या अल्याड उंबरहोळ, खालसा मुलूख, इंग्रजाचं राज्य. पल्याड पिंपळहट्टी, करवीर संस्थानाची हद्द. तिकडं दरबारानं वेठ बंद करून महारांच्या जमिनी त्यांच्या नावावर करून टाकल्या होत्या. ओढा तो केवढा, उन्हाळ्यात पोरं उडी मारून पार व्हायची! पण तिकडच्या काठावरचा महार स्वतःच्या शेतात कुळव धरायचा आणि इकडच्या काठावरचा महार पाटलाची गुरं हाकायचा. मागच्या साली ज्योतिबा बायकोपोरं घेऊन रातोरात पल्याड गेला. पाटलानं त्याला मुसक्या बांधून आणायला माणसं धाडली, तर पिंपळहट्टीची माणसं कुऱ्हाडी घेऊन काठावर उभी राहिली. त्या दिवशी ओढ्यात रक्त सांडायचंच बाकी होतं.

तेवढ्यात मुंबईच्या कौन्सिलात वेठीतून सोडवणारं महारवतनाचं बिल आल्याची बातमी निपाणीच्या बाजारातून आली, आणि सगळा मुलूख पेटला. गावोगावच्या पाटलांनी सभा भरवल्या. "वतन मोडलं तर गाव बुडालं," म्हणून कलेक्टरकडं अर्ज गेले. उंबरहोळात तंबाखूचा व्यापारी भुजबली अण्णा चावडीवर एवढंच म्हणाला, "वेठ कशाला पायजे? रोजगार द्या आन् काम घ्या." त्याच्या वखारीला दुसऱ्या दिवशी आग लागली. गावात दोन तट पडले. सख्खे भाऊ एकमेकांच्या दारावरून जाईनात.

नागोजी आजा म्हणजे महारवाड्याचा कारभारी. त्यानं सगळ्यांना गोळा केलं आणि यल्लम्माचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. आजपासून वेठ बंद. गावानंही मग आपलं खरं रूप दाखवलं. दुकानात मीठ मिळेना. पाणवठ्याची वाट पाटलाच्या शेतातून जायची, तिच्यावर काटेरी फांद्या टाकल्या. शेळ्या कोंडवाड्यात गेल्या. मष्णूची बायको नागुबाई लांबच्या डबक्यातून गढूळ पाणी आणून फडक्यातून गाळायची आणि गावाच्या नावानं बोटं मोडायची.

भावकू गेला आणि थोड्या वेळानं खुद्द आण्णाप्पा पाटील आला. अनवाणी, डोळे सुजलेले. तोही बाभळीखालीच थांबला.

"मष्णू, वैर बाजूला ठेव बाबा," तो म्हणाला. "आईला न्हाऊ घालून बसवलंय. रुक्मी आल्याबिगर उचलायची न्हाय मला. लेकीनं आईचं तोंड बगाय नगं व्हय?"

मष्णू उठला. "बगाय पायजे की. मग धाडा की गाडी! बैल हाईत, घोडं हाय, तीन ल्योक हाईत तुमचं. घोड्यावर बसलं तर जेवान व्हायच्या आत पोचतील."

पाटील वरमला. "मरनाचा सांगावा आमी न्यायचा? आमच्या घरान्यात आजवर कुनी न्हेला न्हाय. न्हाव्याला इचारलं, कुंभाराला इचारलं. त्ये बी म्हनत्यात, म्हाराचं काम आमी करनार न्हाय."

मष्णूच्या डोक्याची शीर तडतडली. घरात आई मेलेली, बहिणीला पत्ताच नाही, कळलं तर ऊर फोडेल, गोठ्यात बैल दावणीला रवंथ करतायत, आणि हे सगळे मिशावाले एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलेत! कशासाठी? तर मरणाची बातमी तोंडातून काढली की जात बाटते म्हणून!

"ह्ये बग," पाटील आवाज उतरवून म्हणाला, "तुज्यापुरता बहिष्कार उठवतो. मीठ घे, पीठ घे. तुज्या बायकूला पान्याची वाट मोकळी. बाकीच्यांस्नी कळायचं बी कारन न्हाय."

दारामागं उभी नागुबाई फणकारली, "कळायचं न्हाय म्हनं! माज्या घरात गोडं पानी आन् शेजारी चिखूल, व्हय?"

"पाटील," मष्णू म्हणाला, "मागल्या साली माजी आई घरघर करत हुती, तवा मामलेदाराचं सामान न्यायला मला वडून न्हेलंसा. मी तुमच्या पायावर डोस्कं ठेवलं. म्हनलं, आज एक दीस सोडा. सोडलंसा? सगळी बापय मानसं वेठीला. आई गेली तवा सदलग्याला माज्या भनीला सांगाय वाड्यात एक गडी न्हवता. बायकांनी तिला मूठमाती दिली. आन् त्याच दिशी तुमची रुक्माआक्का म्हायेरपन करून गाडीनं सदलग्याला गेली. भावकूच गाडी हाकत हुता. आमच्या बायकांचं रडनं ऐकून तिनं इचारलं, कोन गेलं? भावकूनं सांगिटलं. गाडी माज्या मालूच्या दारावरनं गेली, पाटील! गाडीतनं एक शबुद टाकला असता, तर मालू रडत पळत आली असती."

पाटलाच्या पोटातलं ओठावर आलं.

"तुज्या आईचं आन् माज्या आईचं एक हाय व्हय रं?"

दारादारातून माणसं बाहेर आली होती, त्यांनी सगळ्यांनी ते ऐकलं. मष्णूनं हातातली काठी इतकी घट्ट धरली की नागोजी आजा लगबगीनं मधे येऊन उभा राहिला. पाटील वळला आणि आला तसा गेला.

मष्णू कितीतरी वेळ अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. मालूचं तोंड त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. आई गेल्याचं तिला निपाणीच्या बाजारात एका कासाराच्या तोंडून कळलं होतं, तेही बऱ्याच दिवसांनी, मष्णू मामलेदाराच्या दौऱ्यातून सुटून आला त्याच सुमारास. ती तशीच आली, आईच्या मातीवर पालथी पडली आणि उठून मष्णूला म्हणाली, "समद्या गावाची मढी सांगत हिंडतोस, माजी आई तेवढी इसरलास!" त्यानंतर ती माहेराला फिरकली नाही. मष्णूलाही तिच्या दारी जायचं तोंड नव्हतं.

"जावा आता मालूआक्काकडं," नागुबाई म्हणाली. "हितं बसून रगत आटवून काय हुनार?"

त्यानं मुंडासं बांधलं. महारवाड्याच्या टोकाला नागोजी आजानं वाट अडवली.

"कुटं?"

"भनीकडं. सदलग्याला."

"आज? मष्णू, एक जर गेला तर समदे गेले. उद्या प्रत्येकाच्या दारात पाटील रडत हुबा ऱ्हाईल."

"सांगावा घेऊन न्हाय चाललो आजा. भंडाऱ्याची आन हाय मला."

म्हाताऱ्यानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि बाजूला झाला.

मष्णूची वाट पायाखालची होती. याच वाटेनं त्यानं किती मरणं नेली असतील. पण आज त्याच्याजवळ मरण होतं आणि ते द्यायचं नव्हतं. चालता चालता तो स्वतःशीच बडबडत होता, पाटलाला शिव्या घालत होता, मधेच रडत होता. ऊन कलायला लागलं तेव्हा सदलग्याचं शिवार आलं. रस्त्याकडेच्या मळ्यात रुक्माबाई गड्यांना भाकरी घेऊन आली होती. तिनं त्याला लांबूनच ओळखलं आणि हातातली भाकरीची बुट्टी तशीच ठेवून ती बांधावर धावत आली.

"मष्णू! आई बरी हाय न्हवं रं?"

ही मष्णूच्या डोळ्यांदेखत वाढलेली पोर. हिच्या लग्नात त्यानं रात्रभर मशाल धरली होती. एक शब्द, एकच. मग त्याला ती गाडी दिसली. मालूच्या दारावरून, झापड लावल्यागत गेलेली गाडी.

"मी भनीकडं चाललोय, आक्का," तो म्हणाला आणि पुढं चालू लागला.

"आरं पर आई?"

तो थांबला नाही. सूड उगवल्यावर बरं वाटतं म्हणतात, त्याला काही बरं वाटलं नाही.

मालू दारात भिंत सारवत होती. भाऊ दिसला तरी तिचे हात थांबले नाहीत.

"कुनाचं मढं घिऊन आलास?" तिनं विचारलं.

तो जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. वेठ बंद केलेली, पाटलाची आई, पाटलाचं बोलणं, मळ्यातली रुक्माबाई. शेवटी म्हणाला, "मी सांगाव्याला न्हाय आलो. तुज्याकडं आलो. मागल्या साली यायला पायजे हुतो. मामलेदाराचं सामान खड्ड्यात टाकून यायला पायजे हुतो. चुकलं माजं."

मालूचे हात आता थांबले. शेणाचा पोतेरा तिनं खाली टाकला. मग एकदम तिनं हात धुतले आणि पदर कमरेला घट्ट खोचला.

"रुक्मी मळ्यातच हाय?"

"मालू, न्हाई! आमी भंडारा उचललाय."

"तू उचललास. मी सदलग्याची हाय. आन् मला कुनी हुकूम दिला न्हाय, मी वेठीनं जाईत न्हाय. तिला ह्ये माज्या तोंडातनं ऐकू दे."

ती तरातरा निघाली. मष्णू मागं. तो बांधावरच थांबला, मालू मात्र थेट मळ्यात घुसली. रुक्माबाईची सासूही तिथं आली होती.

"रुक्माआक्का, तुमची आई गेली. आज पहाटं."

रुक्माबाई मटकन खाली बसली. तिनं फोडलेला हंबरडा ऐकून मोट हाकणारा गडी बैल सोडून धावला. मालू हलली नाही. रडणं जरा ओसरेपर्यंत ती थांबली.

"भाऊ गाडी घिऊन का न्हाय आला?" रुक्माबाईनं हुंदक्यात विचारलं. "आत्ता जुपली तरी अंधार पडंल. तवर आईला ठेवतील का?"

"सांगावा न्ह्येला तर जात बाटती म्हनं तुमच्या भावाची. आन् गाडीचं काय सांगता? मागल्या साली माजी आई मेली त्या दिशी तुमची गाडी माज्या दारावरनंच आली. तुमी आत बसला हुता. तुमास्नी ठाव हुतं."

रुक्माबाईनं तोंडावरचा पदर काढला. तिनं नाही म्हटलं नाही.

"मला वाटलं," ती पुटपुटली, "मला वाटलं कुनीतरी सांगंल."

"सांगनारा माजा भाऊच हुता," मालू म्हणाली.

मग रुक्माबाईची सासू लगबगीनं खोपटात गेली आणि सुपात जोंधळे घेऊन आली. सांगावा आणणाऱ्याला रिकामं धाडायचं नाही, ओंजळभर दाणे पदरात टाकायचे, नाहीतर मरण दारातच घुटमळतं, अशी त्या भागातली समजूत. तिनं सूप सुनेच्या हातात दिलं. रुक्माबाई उठली. आई मेलेली, डोळ्यांतून धारा, तरी हातांना रीत ठाऊक होती. विटाळ होऊ नये म्हणून तिनं हात लांब केले आणि सूप उंच धरलं.

मालूनं त्या सुपाकडं पाहिलं. मग ती वळली आणि बांधावर भावाजवळ आली.

"घरला चल," ती म्हणाली. "भाकरी टाकते."

दोघं पायवाटेला लागली. मागं रुक्माबाई सूप तसंच धरून उभी होती आणि सासू ओरडत होती, "अगं ए, पदर पसर की गं! पदर पसर!"

मालूचा पदर कमरेला खोचलेला होता. तिनं तो सोडला नाही.