दुधाची साक्ष

ईदसाठी बहिया माहेरी आली ती तान्ह्या नदाला कडेवर घेऊन. अंगणात पाऊल टाकलं आणि आतून दुसऱ्याच एका बाळाचं रडणं कानावर आलं. मांजराच्या पिलासारखं, मध्येच विझणारं.

बाळ तिच्या भाचीचं, इंतिसारचं. नुकतंच जन्मलेलं, अजून नावही ठेवलं नव्हतं. इंतिसार तापानं फणफणून शहरातल्या इस्पितळात पडली होती आणि बाळ आजीच्या, म्हणजे हिकमतवहिनीच्या हवाली होतं. डब्याचं दूध त्याच्या पोटात ठरत नव्हतं, शेळीचं तर लगेच उलटून पडायचं.

"आलीस? बस, दमली असशील," वहिनी अंगणात येत म्हणाली. बहियाच्या अंगरख्यावर दुधाचा ओला डाग पसरला होता. वहिनीनं तो पाहिला आणि मान फिरवली. ती मागणार नव्हती. कोणत्या तोंडानं मागणार?

बहियाची आई तिला जन्म देतानाच गेली. तेव्हा इंतिसार वहिनीच्या अंगावर पीत होती. वहिनीनं एका कुशीला लेक आणि दुसऱ्या कुशीला नणंद घेऊन दोघींना वाढवलं. म्हणजे वहिनी नुसती नात्यानं. खरी तर दूधआई. पण पोर मोठी झाली तसा हसनैनदादाचा जीव बहिणीतच अडकला. बाजारातून आला की पहिली हाक बहियाला. ते वहिनीला सलत गेलं. त्यातच चुलतभाऊ रिफाईनं बहियाला मागणी घातली. वहिनीला तो आपल्या धाकट्या बहिणीसाठी हवा होता. भरल्या बैठकीत ती उठली आणि म्हणाली, "हे लग्न होणार नाही. या दोघांनाही मी पाजलंय. दूधभाऊ आहे तो तिचा."

दूधभाऊ म्हणजे सख्खा भाऊ. रिफाईची आई तोवर वारलेली. बाईनं आपल्या दुधाची साक्ष दिली की मशिदीचा शेखसुद्धा पुढे बोलत नाही. रिफाई कुवेतला निघून गेला, वहिनीच्या बहिणीच्याही वाट्याला आला नाही. आणि बहियाला दूर लाल समुद्राकाठच्या कुसैरला, मसूद नावाच्या विधुर कोळ्याला देऊन टाकलं. खारा वारा, टँकरचं पाणी, पोटातच गेलेली दोन मुलं. प्रत्येक वेळी ती नमाजाच्या चटईवर बसून एवढंच म्हणायची, "तुझ्या मनात काय आहे ते मला कळत नाही. पण काहीतरी असू दे." मसूद अबोल निघाला, पण मायेचा निघाला. आणि मग नदा झाली.

आतलं रडणं थांबलं. बहिया धावत आत गेली. बाळ जागंच होतं, फक्त रडायचं बळ सरलं होतं.

तिनं मसूदला फोन लावला. नवऱ्याला विचारल्याशिवाय परक्या मुलाला पाजायचं नसतं.

"मला पाजायला सांगत नाहीयेस ना?" मसूद म्हणाला. "मग विचारतेस काय? पाज लवकर."

बहिया वहिनीकडे वळली. "उम्म सईदमावशींना बोलाव. शेजारणींनाही. दार उघडं ठेव."

बाया जमल्या. बहियानं बाळ उचललं. "हा आजपासून माझा मुलगा, नदाचा भाऊ. सगळ्यांनी डोळ्यांनी बघा. उद्या कुणी म्हणू नये की पाजलं नव्हतं. आणि कुणी असंही म्हणू नये..."

"की न पाजताच पाजलं होतं," वहिनीनं वाक्य पुरं केलं. ती भिंतीला टेकून उभी होती. "रिफाईला मी कधीच पाजलं नाही. त्या दिवशी मी खोटं बोलले."

उम्म सईद, गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, खाकरल्या. "तेव्हाच वाटलं होतं मला. त्याची आई कुणाला पोराला हात लावू द्यायची नाही, ती तुला पाजू देतेय होय? पण दुधाच्या बाबतीत बाईला खोटारडी कोण म्हणणार?"

बहियानं बाळाला छातीशी घेतलं. बाळानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग त्यानं घट्ट पकडलं आणि घटाघटा पिऊ लागलं. पिताना त्याच्या नाकातून घुर्रघुर्र आवाज येत होता. ते दूध पोटात ठरलं.

वहिनी खाली बसून रडायला लागली.

"तुझ्या मनात वाईटच होतं, वहिनी," बहिया हळूच म्हणाली. "मी ते विसरणार नाही. पण मी इथेच राहिले असते तर आज माझ्या अंगावर दूध असतं की नाही, कोण जाणे. वरच्याच्या मनात हा पोरगा असेल." हे बोलताना तिचं तिलाच हलकं वाटलं, डोक्यावरचा हंडा उतरवल्यासारखं.

बाळाच्या जन्माच्या सातव्या दिवशी इंतिसार घरी आली, उशीला टेकून बसली. रिवाजाप्रमाणे बाळाला चाळणीत ठेवलं आणि उम्म सईदनी त्याच्या कानाशी पितळी खलबत्ता ठणठण वाजवला. "आईचं ऐक रे. आजीचं ऐकू नकोस."

बाया हसल्या. वहिनी सगळ्यांत मोठ्यानं हसली, मग पुढे वाकून म्हणाली, "आणि दूधआईचं सगळ्यांत आधी ऐक."

बाळानं काहीच ऐकलं नाही. पोट भरलेलं होतं. एवढ्या ठणठणाटात ते गाढ झोपलं होतं.